नदीवर नजर ठेवणारा बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर बोर्ड आहे, तुमच्या तळहातावर मावेन एवढाच. व्होल्टा नदीच्या काठी एका खांबावर, पत्र्याच्या पेटीत माझे घर आहे; वरची सौरपट्टी उन्हात माझी बॅटरी भरते. पाण्यात एक मोजपट्टी रोवली आहे, तिच्याकडे माझा कॅमेरा बघत असतो. पाणी लाल खुणेला टेकले की मी भोंगा वाजवायचा आणि गावाने टेकाडावर जायचे, एवढेच माझे काम.

माझ्यावर एक चिप बसवलेली आहे. तिला किती वेगाने पळवायचे आणि त्यासाठी किती व्होल्टेज द्यायचे, यावर माझा जीव अवलंबून आहे. वेग वाढवला तर व्होल्टेजही वाढवावे लागते. ते फार वाढले की अंग भाजून निघते, कमी पडले की गणित चुकते किंवा शुद्धच हरपते. हा मेळ मला स्वतःला बसवता येत नाही. तो माणसांनीच बसवून द्यावा लागतो.

बोलगाटांगा शहरातल्या पूर-इशारा कार्यालयातल्या अयमपोका नावाच्या इंजिनियर बाईंनी मला इथे बसवले. त्यांनी मला बेताचा वेग दिला होता. त्यांचे साहेब अबुग्रे यांना तो पसंत पडला नाही.

"ऑफिसातल्या पडद्यावर चित्र कसं सारखं हलतं दिसायला हवं. पळव जरा त्याला," ते म्हणाले.

"मग व्होल्टेज वाढवावं लागेल सर. पावसाळ्यात ऊन नसतं, बॅटरी पुरायची नाही."

"व्होल्टेज राहू दे आहे तेवढंच. थोडं कमी खाल्लं म्हणून काय मरतंय का ते?"

बाईंनी नकार दिला. साहेबांनी ते काम दुसऱ्याकडून करून घेतले.

मी धापा टाकत धावत राहिलो. मग ढग दाटले, बॅटरी उतरू लागली. एका सकाळी पाणी भराभर चढताना मला दिसले. मी आकडा वाचायला घेतला आणि मध्येच थिजलो. भोंगा वाजलाच नाही.

होडीवाल्या अकोल्गोने नदीचा रंग ओळखला आणि तो ओरडत गावभर धावला, म्हणून माणसे वाचली. कांद्याचा मळा करणाऱ्या मा असिबी मात्र गाढव सोडायला मागे फिरल्या. गाढव वाहून गेले. मा असिबी एका झाडाला धरून राहिल्या आणि अकोल्गोने त्यांना होडीत ओढून घेतले.

पाणी ओसरल्यावर अयमपोका आल्या, तेव्हा मा असिबी खांबापाशी उभ्याच होत्या.

"तुझी पेटी झोपली होती का गं?"

"झोपली नव्हती, मा. उपाशीपोटी पळवली, म्हणून चक्कर आली तिला."

"मग जेवायला घाल. या खेपेला गाढव गेलं. पुढच्या खेपेला मी जाईन."

अयमपोका तिथेच कडुनिंबाखाली बसल्या. त्यांनी मला तापल्या पत्र्यावर ठेवून भाजले, पाणी विकणाऱ्या बाईच्या बर्फाच्या डब्यात गारठवले. प्रत्येक वेगाला व्होल्टेज हळूहळू उतरवत नेले, मी अडखळेपर्यंत. जिथे अडखळलो, त्याच्या बरीच वर माझी मर्यादा बांधली. मित्रांनो, पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडायचे आणि पुन्हा उठायचे, याने मी पार थकून गेलो. पण कुणीतरी माझी ताकद नीट विचारून घेत आहे, हे पहिल्यांदाच घडत होते.

अबुग्रे साहेब आले. "वेग निम्म्यावर आणलास?"

"हो सर. नदी काही मोटारसायकलवरून येत नाही."

साहेब वाहून गेलेल्या मळ्याकडे बघत राहिले. मग पेटीचे झाकण त्यांनी स्वतः लावले.

पुढच्या पुराला मी वेळेवर भोंगा वाजवला. त्याच्या पुढच्यालाही. लोकांनी माझ्या खांबाला रंग दिला, नंतर विसरूनही गेले. पेटीत गांधीलमाश्यांनी घर केले. चिपलाही वय असते. पूर्वी ज्या व्होल्टेजवर सहज धावायचो, त्यावर आता पाय लटपटतात. अयमपोका यंदा तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी व्होल्टेज थोडे चढवले आणि वेग आणखी उतरवला.

"दमलंय आता ते," त्या म्हणाल्या. "नवा बोर्ड मागितलाय. येईपर्यंत यालाच सांभाळायचं."

मा असिबी काठी टेकत जवळ आल्या. "हळू चालतं म्हणतेस? चालू दे. मीपण हळूच चालते. पण पाण्याच्या आधी टेकाडावर पोचते की नाही?"

मित्रांनो, तुमच्या आसपासही माझे भाऊबंद दवाखान्यात, पंपात, सिग्नलच्या खांबात राबत असतील. ते तक्रार करत नाहीत, नुसते एक दिवस थांबतात. त्यांना पळवण्याआधी त्यांना किती झेपते ते तपासा, आणि वय झाले की पुन्हा तपासा. वर पुन्हा ढग जमले आहेत. मला आता मोजपट्टीकडे बघायला हवे.