जुनेराच्या पेटीचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझा दांडा वाकलेला, किल्ली हरवलेली, आणि आता मी नुसते खिळ्याला टांगलेले आहे. तरीही कोणी माझ्याकडे जरा टक लावून पाहिले की मला वाटते, याच्या मनात काय आहे? स्वभावाला औषध नसते. आणि जगात सगळेच सरळ असते, तर मला घडवले तरी कोणी असते?

भीमाबाईने मला नागपूरच्या इतवारीत विकत घेतले, तेव्हा नायलॉनच्या साड्या नुकत्याच घरोघर शिरल्या होत्या. तिचा नवरा नत्थू गिरणीत कामाला होता. कामगारांच्या घरांच्या ओळीत दोन खोल्यांचे घर, सोन्याचा मणी नाही. अशा घराला कुलूप कशाला, ही शंका मला पहिल्याच दिवशी आली. त्यात तिने मला दाराला न लावता खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीला लावले आणि किल्ली कमरेला खोचली. झाले! ओळीतल्या साऱ्या बायांचे डोळे त्या पेटीला चिकटले.

भीमाबाईची मुलगी सत्यवती सात-आठ वर्षांची होती. तिची कातडी जन्मापासूनच नाजूक होती. जरा घासले की फोड येई, हात धरून ओढले की साल निघे. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितले होते, हा रोग लाखात एखाद्याला होतो, रक्तातूनच येतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि बराही होत नाही. जखमा रोज धुवायच्या, मलम लावायचे आणि वर मऊ कापड बांधायचे. नुसत्या मलमातच नत्थूचा अर्धा पगार जाई.

पेटी उघडताना भीमाबाई मला काढून पालथे ठेवी, त्यामुळे आत काय आहे ते मलाही दिसत नसे. दिसे ते एवढेच, की दुपारी ओळ झोपली की भांडेवाली दाराशी येई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई इतरांकडे भांडे ठेवून गाठोडे नेई. आमच्याकडे मात्र उलटी गंगा. गाठोडे आत येई आणि भांडे बाहेर जाई. मला ही बाई काही सरळ वाटेना.

"नत्थू सट्टा खेळून राहिला वाटते," शेजारच्या शोभाताई म्हणत. "भांडे कमी होऊन राहिले त्याच्या घरचे."

अशात नत्थूची आई, अंजनाबाई, काटोलहून राहायला आली. तिची नजर माझ्याहून तिखट. आल्या आल्या तिने फडताळातली पितळी भांडी मोजली.

"काहून वं भीमा, माहा पाण्याचा गुंड कुठी गेला?"

"कल्हईले देला जी."

"पाण्याच्या गुंडाले कधीपासून कल्हई लागते वं?"

भीमाबाई खाली मान घालून पोळ्या लाटत राहिली. म्हातारीने मनाशी हिशेब जुळवला. सुनेचे माहेर भिवापूरचे, तिथे भावाचे लग्न ठरलेले. म्हणजे भांडी पेटीत साठताहेत आणि लग्नाला तिकडे जाणार! भांडी दारातून बाहेर जाताना मी पाहिली होती, तरी संशयाच्या भरात मलाही ते पटले.

एका सकाळी भीमाबाई नळावर गेली आणि अंजनाबाईने वरवंटा उचलला. दोन घावांत माझा दांडा वाकला. आवाजाने शोभाताई आणि आणखी दोघी-तिघी दारात गोळा झाल्या. म्हातारीने पेटीत हात घातला आणि बाहेर काढल्या चिंध्या. उकळून वाळवलेल्या, नीट घड्या घातलेल्या, जुन्या सुती लुगड्यांच्या चिंध्या.

"आजी, हात नोको लावू!" सत्यवती खाटेवरून ओरडली. "धुतलेलं हाय ते. धूळ लागली का पाय पिकते माहा."

मग आजीचा उतरलेला चेहरा पाहून ती समजावू लागली. "हे निळं हाय ना, हे तुह्या गुंडाचं. हे किनारीवालं परातीचं. अन् हे हिरवं दुधाच्या मोठ्या गंजाचं. हे लय मऊ हाय, म्हणून मी मायले लवकर काढू देत नाही."

दारात बादली घेऊन भीमाबाई उभी होती. "काय करू जी," ती रडत म्हणाली. "नवं कापड टोचते, कापूस चिकटते. आता साऱ्या बाया नायलॉन नेसतात, सुती जुनेर भेटत नाही. भांडेवाली भाव वाढवून राहिली. अन् तुमाले सांगू नोको म्हणे तुमचा पोरगा. माय आपल्या पायातले चांदीचे वाळे मोडील म्हणे. कुलूप काहून लावलं? मागं शोभाताईनं यातलीच चिंधी चुलीजवळ पुसाले नेली होती."

शोभाताईंना कुठे पाहावे कळेना.

अंजनाबाई कोपऱ्याकडे वळली. तिने आपले बोचके सोडले. तळाशी एक पांढरे लुगडे होते. छप्पन सालच्या दसऱ्याला, दीक्षा घेताना ती ते नेसली होती. मेल्यावर अंगावर हेच टाका, असे तिने लेकाला बजावून ठेवले होते. तिने त्याचा काठ दातात धरला आणि टर्रकन फाडला.

"माय, ते नोको!" भीमाबाई धावली.

"मेल्यावर मले लुगड्याचं काय काम वं? पोरीची कातडी जित्ती हाय."

त्या दिवसापासून पेटीला कुलूप लागले नाही. बाया आपणहून धुऊन-उकळून जुनेर आणून टाकू लागल्या. पहिले शोभाताईंचे होते. भांडेवाली तर दारात येऊन कुरकुरली, "तुमच्या ओळीत मले आता एक धडूतं भेटून नाही राहिलं!"

मी काही संशय सोडला नाही, मित्रांनो. तुम्हीही तो खुशाल घ्या. पण वरवंटा उचलण्याआधी एकदा विचारा, "काय लागते तुले?" आणि जुने सुती कापड कोणाच्या जखमेला लागणार असेल, तर त्याचे पोतेरे करू नका.

पुढे काही वर्षांनी अंजनाबाई गेली. तेव्हा सत्यवतीने पेटीच्या तळातून पांढऱ्या लुगड्याची एक पट्टी काढली आणि आजीच्या छातीवर ठेवली. तिने ती कधी वापरूच दिली नव्हती. एवढी वर्षे पेटी उघडी होती, कुलूप नव्हते, आणि त्या पट्टीला कोणी हात लावला नव्हता.