अकरावं घर

विहाराच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मी लिहिली. तिच्या नवव्या पानावर एक वाक्य आहे : 'वस्तीच्या मधोमध असलेल्या मोकळ्या जागेवर विहार बांधायचं ठरलं.'

नानांनी, माझ्या वडिलांनी, स्मरणिका एका बैठकीत वाचून काढली. मग चष्मा काढला आणि विचारलं, "मोकळी होती का ती?"

"आपण नंतर बोलू, नाना," मी म्हणाले. मला जळगावला परत जायचं होतं, दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं. त्यानंतर सव्विसाव्या दिवशी ते गेले.

मी इतिहास शिकवते. माझा प्रबंध ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेतल्या एका वसाहतीवर आहे. आपल्या पद्धतीनं प्रार्थना करता यावी म्हणून काही जर्मन कुटुंबं जहाजांतून तिथे गेली. राहती घरं धड उभी नसताना त्यांनी प्रार्थनाघरं बांधली, आणि दहा वर्षांच्या आत श्रद्धेच्याच मुद्द्यावरून ती दुभंगली. त्या फुटीवर मी चाळीस पानं लिहिली आहेत. कोण कोणाला काय म्हणालं, कोणाला दारातून परत पाठवलं, सगळं तारखेनिशी.

एकदा नानांनी ते मला मराठीत सांगायला लावलं. ऐकून म्हणाले, "बिचारे. आणि आपल्या फुटीचं कधी लिहिशील?"

"आपली कुठे फूट झाली?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. स्मरणिकेसाठीच.

पाचोऱ्याकडचं आमचं मूळ गाव. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा गावानं पाणी तोडलं. बासष्ट साली अकरा कुटुंबं उठून माळावर आली. येताना सगळ्यांनी घरातले देव टोपल्यांत भरून गिरणेत सोडले. नाना तेव्हा वीस वर्षांचे, वस्तीत सातवी पास झालेले एकटेच. वस्तीचे ठराव त्यांच्या अक्षरात लिहिले जायचे. पहिलाच ठराव होता : ज्याच्या घरात देव सापडेल, त्याला वस्तीत जागा नाही.

झिपरू आणि ताईबाई यांचं घर मधोमध होतं. ताईबाईची दोन मुलं जन्मून गेली होती. तिसरा, पुना, माळावर जन्मला आणि जगला. नानांची आई शेतात असली की नाना ताईबाईकडे जेवत. एका दुपारी तिनं ज्वारीच्या कणगीत हात घातला आणि जुन्या लुगड्यात बांधलेला कानबाईचा नारळ काढून दाखवला. श्रावणात पुजतात तो, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. "हाऊ सोडता उना नही रे, यादव. पोऱ्या जगू दे मना. तू शिकेल शे, तुले समजी."

नानांनी चार दिवस गप्प राहून पाचव्या दिवशी बैठकीत सांगितलं. पुढचा ठरावही त्यांनीच लिहिला. सकाळी झिपरूनं दाराची चौकट उपटून गाडीत टाकली. पुना तेव्हा वर्षाचा होता. दहा वर्षांनी त्या जोत्यावर विहार बांधला.

हे मला वगळायला कोणीही सांगितलं नाही. विहार समितीच्या संघपालनं तर मजकूर न वाचताच छापायला दिला. मीच ठरवलं, की बाहेरचे लोक बोट दाखवायला टपलेले असताना आपण का दाखवायचं. जर्मनांबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं.

जलदानविधी झाल्यावर नानांची खोली आवरताना एक लिफाफा सापडला. आत स्मरणिका. वर त्यांच्या अक्षरात : पुना झिपरू, शिंदखेडा. तिकिटंही लावलेली होती. पुस्तक येण्याआधीच त्यांनी लिफाफा तयार केला असणार, आणि वाचल्यावर पोस्टात टाकला नसणार.

मी धुळ्यावरून एसटीनं शिंदखेड्याला गेले. नुसता लिफाफा देऊन परत फिरता येईल, असंही वाटेत वाटून गेलं.

पुनाभाऊ एसटीतूनच मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी ताईबाईचा फोटो. मी नाव सांगितलं तसे म्हणाले, "यादवनानांची का? बसा, बसा. नाना नाहीत आले?"

मी सांगितलं. त्यांनी आत बघून चहाचं सांगितलं आणि म्हणाले, "मनी माय जायाच्या आदल्या वर्षी आले होते. इथंच बसले. रडले. मायनं रडू दिलं, पाणीबी नही इचारं." ते थोडं हसले. "मग म्हणे, 'यादव, तू आमले कागदवर लिखीसन काढं. आते कागदवर लिखीसनच घाल.' नाना म्हणे, घालतो. माझी पोरगी लिहिणारी आहे."

मला हे माहीत नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये नानांनी सगळं सांगितलं होतं, हा शब्द दिल्याचं तेवढं नाही. माझ्यावर भार नको म्हणून असेल.

"आणि तो नारळ?" मी विचारलं. विचारायला दुसरं काही सुचलं नाही.

"मी दहावी झालो तेव्हा तिनंच तापीत सोडला. कोणी सांगितलं नव्हतं. म्हणे, आता तुझा तू जगशील." त्यांनी लिफाफ्याकडे पाहिलं. "त्यात आहे का आमचं?"

"नाही," मी म्हणाले. "नानांनी सांगितलं होतं. मी काढून टाकलं."

"तुम्ही?"

"मी."

"दोन पिढ्या लिहिणाऱ्या," ते म्हणाले, "आणि दोन्ही खोडणाऱ्याच." आवाज चढला नव्हता. मग त्यांनी स्वतः लिफाफा उघडला, पान शोधायला लावलं, बोट ठेवून ते वाक्य वाचलं आणि पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. "लिखा."

मी 'मोकळ्या जागेवर' खोडलं आणि समासात सगळं लिहिलं : कोणाचं घर, कोणी ऐकलं, कोणी सांगितलं, कोणी ठराव लिहिला, कोणी हे वगळलं. समास पुरला नाही, खालची कोरी जागाही लागली. त्यांनी वाचलं.

"मायचं नाव आधी पाहिजे. जागा तिनं सारवली होती."

मी बदललं.

"किती छापल्यात?"

"पाचशे."

"मग पेन चांगला घ्या," पुनाभाऊ म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले, पण 'परत या' म्हणाले नाहीत.

रविवारी मी माळावर गेले. संघपालच्या घरापासून सुरुवात केली. त्यानं पुनाभाऊंच्या प्रतीतल्या त्या पानाचा माझ्या फोनवरचा फोटो दोनदा वाचला.

"अक्का, छापील पुस्तकात असं हातानं लिहिलेलं बरं नाही दिसत. आणि नानांचं नाव कशाला यात? आता ते गेले."

"बरं दिसत नाही, खरं आहे," मी म्हणाले. "तुझी प्रत आण."