मुठीचं माप

मोहाडीच्या सभेत दिल्लीच्या साहेबानं तीनदा सांगितलं, की विळ्याचं मानक स्वैच्छिक आहे, कोणावर जबरदस्ती नाही. कुंताबाईनं तिन्ही वेळा नाक मुरडलं. चाळीस वर्षं धान कापलं तिनं, आणि आता विळा कसा असावा हे दिल्लीहून कळणार होतं!

आमची संस्था स्वतः काहीच ठरवत नाही, साहेब म्हणाला. कारखानदार, प्रयोगशाळा, अधिकारी अशा सगळ्यांना एका टेबलाशी बसवते, त्यांचं एकमत झालं की मानक तयार. त्या टेबलाशी धान कापणारी बाई कोण, असं कुंताबाईनं विचारलं. साहेबानं बरेच कागद चाळले. ती जागा अजून भरायची होती म्हणे. वा रे एकमत!

जबरदस्ती नव्हती, पण सरकारी योजनेत फुकट वाटायचे विळे मात्र मानकाचेच घेणार होते. मग गावच्या इश्वर लोहाराकडे कोण फिरकणार? त्यानं तर भाता विकायला काढलाच होता. आणि इश्वरचा धंदा बसला की कुंताबाईचाही विळा गेला. हंगामाआधी तो प्रत्येक बाईला ओल्या मातीचा गोळा मुठीत आवळायला लावी आणि त्या ठशावरून विळ्याची लाकडी मूठ घडवी. कुंताबाईचा हात लहान, त्यात एक बोट अर्धं. बाजारच्या विळ्यानं तिला दुपारपर्यंत फोड येत. मानकाच्या मसुद्यात मूठ एकाच मापाची होती, सगळ्या देशाला.

हरकती साठ दिवसांत पाठवायच्या होत्या. कुंताबाईला लिहिता कुठं येत होतं? तिनं मातीचा गोळा आवळला, उन्हात वाळवला आणि नात रक्षाकडून पत्ता लिहून घेऊन दिल्लीला धाडला. डोळे असतील तर वाचतील, म्हणाली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. रक्षानं ते इश्वरच्या भट्टीपाशीच वाचून दाखवलं. हरकतीचं नावच नव्हतं. त्या शहाण्यांनी गोळ्याला विळ्याची मूठ समजून प्रयोगशाळेत मोजलं होतं. लांबी दीड सेंटिमीटर कमी, बोटांच्या खाचा असमान. नमुना नापास.

कुंताबाईनं आपला हात समोर धरला.

"माहा हातच नापास केला त्याईनं," ती म्हणाली. "इश्वर, भाता इकू नोको. ह्या नापास हाताचाच इळा पायजे मले."