टेकडीवरचे कार्पेंटर

कालव्याला मायदेशातल्या ऱ्हाईन नदीचं नाव द्यायचं, हा अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या जर्मनांचा जुना विनोद. गढूळ पाणी, काठाने खेचरं चालताहेत, त्यांनी ओढलेल्या होड्या मागून रेंगाळताहेत, एवढीच ती नदी. पण तिच्या उत्तरेकडच्या गल्ल्यांत एकदा शिरलं की इंग्रजीचं काम संपलं. दूधवाला जर्मन, सुईण जर्मन, पाद्रीही जर्मनच. क्रेसेंत्स त्सिमरमान या विधवा बाईंची तिथे पावाची भट्टी होती. बव्हेरियातून त्या नव्या नवरीच्या वयात याच गल्लीत आल्या, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, अमेरिका बघायची राहूनच गेली.

त्यांचा एकुलता एक मुलगा फर्डिनांड हॅट विकायचा. धंद्याने जोर धरला तशी त्याला गल्ली अरुंद वाटू लागली. ज्याची ऐपत वाढे तो टेकडीवर राहायला जाई. वर हवा चांगली, धूर नाही, शेजार इंग्रज. फर्डिनांडनेही वर दुकान घेतलं, त्याच्यावरच घर. इथवर क्रेसेंत्सबाईंनी सोसलं. पण दुकानाच्या पाटीवरचं नवं नाव त्यांच्या कानावर आलं आणि पुढच्या खेपेला मुलगा भट्टीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, "कार्पेंटर म्हणजे काय रे?"

"सुतार. त्सिमरमान म्हणजे तरी काय, आई? सुतारच ना? नाव तेच आहे, नुसतं इंग्रजीत."

"तुझा बाप जन्मभर त्सिमरमान होता आणि पाव भाजत होता. त्याला कुणी दार बसवायला बोलावलं नाही. तुझ्या दुकानात बघ, लोक मोडक्या खुर्च्या घेऊन येतील."

"अगं, गिऱ्हाइकाला नाव उच्चारता आलं नाही, तर ते पुढच्या दुकानात जातं!"

"जाऊ दे की. त्याच्या डोक्यापेक्षा तुझ्या बापाचं नाव मोठं आहे."

फर्डिनांड पाव न घेताच गेला. मग कितीतरी महिने मायलेकांत अबोला. नातीच्या जन्माची बातमीही बाईंना गिऱ्हाइकांकडून कळली. बाईंनी "बरं झालं" म्हटलं आणि त्या दिवशी सगळे पाव करपवले.

सून हुल्डा मात्र दारू गाळणाऱ्याच्या घरात वाढलेली, भिडस्तपणा तिला माहीत नव्हता. एका शनिवारी ती बाळाला घेऊन सरळ भट्टीत आली आणि पिठाच्या टेबलावर बाळ ठेवून म्हणाली, "उद्या दुपारी घरीच बाप्तिस्मा आहे. हिचं नाव क्रेसेंत्स ठेवतेय."

"फर्डिनांडला विचारलंस?"

"त्याला ग्रेस हवं होतं. मी म्हटलं, बाळ मी जन्माला घातलंय, नाव मी ठेवणार. पण पाद्री इंग्रज आहे, आई. तुमच्या नावाचं तो काय करेल देव जाणे. तुम्ही येऊन बघा."

बाळाने पिठात हात घातला आणि तोच हात आजीच्या नाकाला लावला. रविवारचा काळा झगा बाईंनी त्याच संध्याकाळी झटकून ठेवला.

टेकडीवर दोराने ओढत नेल्या जाणाऱ्या गाडीत त्या डोळे मिटून बसल्या. वर उतरल्यावर मात्र पंचाईत झाली. "त्सिमरमान? त्सिमरमान?" म्हणून विचारलं तर लोक मान हलवून पुढे जात. ते दुसरं नाव घ्यायचं नाही असा त्यांचा पण होता. पण ऊन चढलं, बूट चावू लागले, तेव्हा शेवटी एका बाईला गाठून त्यांनी कडू औषध थुंकावं तसं म्हटलं, "कार्पेंटर!"

तिने लगेच बोट दाखवलं. क्रेसेंत्सबाई तिथे पोचल्या तर दारात एक लालबुंद आयरिश माणूस पाइप ओढत बसलेला आणि मागे फळ्यांचा ढीग. खराखुरा सुतार!

जर्मन त्याला येत नव्हतं, इंग्रजी यांना. मग क्रेसेंत्सबाईंनी नसलेली हॅट डोक्यावर चढवली, नसलेल्या मिशीला पीळ दिला, छाती काढून फर्डिनांडसारखी चार पावलं चालून दाखवली आणि शेवटी हातांत नसलेलं बाळ झुलवलं. सुतार हसता हसता ठसकला. उठून त्याने बाईंना हात दिला आणि मिरवत नेल्यासारखं थेट हॅटच्या दुकानापर्यंत आणून सोडलं.

पाहुणे ताटकळले होते. फर्डिनांड दारात आला. आई आणि सुतार, दोघांकडे तो आळीपाळीने बघू लागला.

"खुर्ची दुरुस्त करून घ्यायला आणलाय याला," आई म्हणाली. "तुझ्याच्याने होणार आहे का?"

फर्डिनांडला हसू फुटलं, आणि मग डोळेही पुसावे लागले.

पाद्री "क्रिसन्स" म्हणाला. बाईंनी मान हलवली. "क्रेझन्स." पुन्हा मान हलली. घामाघूम होऊन त्याने एकदाचं "क्रेसेंत्स" म्हटलं तेव्हाच बाईंनी बाळाला पाण्याजवळ नेऊ दिलं.

पाद्री गेल्यावर हुल्डाने आंबवलेल्या कोबीचं पातेलं आणलं. फर्डिनांड धावतच सगळ्या खिडक्या लावू लागला.

"हे काय रे?"

"शेजारच्या मिसेस टेलर. वासाने काय म्हणतील?"

"मला घुसमटायला होतंय," म्हणत बाईंनी खिडक्या पुन्हा सताड उघडल्या.

थोड्या वेळाने दार वाजलं. फर्डिनांडचा चेहरा उतरला. दारात खुद्द मिसेस टेलर उभ्या होत्या, हातात रिकामी बशी.

"माफ करा," त्या शुद्ध जर्मनमध्ये म्हणाल्या, "आमच्या घरी हा कोबी खिडक्या लावूनच शिजवावा लागतो, म्हणून मी फारसा करत नाही. यात शहाजिरं घातलंय ना?"

"तुम्ही जर्मन?" फर्डिनांड ओरडलाच.

"आम्ही मूळचे श्नायडर, म्हणजे शिंपीच. टेलर आम्ही इथे आल्यावर झालो." त्यांनी आवाज खाली आणला. "कोपऱ्यावरचे मिस्टर किंग आहेत ना? तेही आपलेच. पण त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून."

"त्यांना बोलावूनच घ्या की," क्रेसेंत्सबाई म्हणाल्या. त्यांनी मिसेस टेलरच्या बशीत कोबी वाढला, सुताराला बटाटा दिला आणि मुलाकडे वळल्या. "फर्डिनांड, खुर्च्या कमी पडतील. खालून दुकानातल्या आण."