ओल्या रंगातला कोरडा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. मित्रांनो, शेपटी शोधू नका! दोन शिड्या डोक्याशी बिजागरीने जोडल्या, की रंगारी त्याला घोडा म्हणतात. एका सुताराने मला पाडलेल्या घराच्या वाशांतून घडवले आणि एका तरुण रंगाऱ्याच्या हवाली केले.

देवाच्या कृपेने मला काम कधी कमी पडले नाही. माझ्यावर उभे राहून त्याने शाळा रंगवल्या, दवाखाने उजळले. खाली न उतरता तो मला पायांनीच चालवायचा आणि आम्ही भिंतभर टक टक करत फिरायचो! लोक भिंतीकडे बघून वाहवा करायचे, माझी रवानगी मात्र जिन्याखाली. रंगाऱ्याच्या स्वतःच्या दोन खोल्यांचीही तीच गत. त्याची बायको म्हणायची, "लोकांच्या भिंती हसवता, घरच्या रडतायत तिकडे बघा की जरा!"

आणि एक दिवस बालगृहातून निरोप आला. या दोघांना मूल नव्हते. तिथल्या एका चिमुरडीवर त्यांचा जीव जडला होता. तिला घरी आणायचे, तर आधी बालगृहाच्या ताई रविवारी घर बघायला येणार होत्या. त्यांना घर पटले तरच मुलगी मिळणार!

काय सांगू ती धांदल! नवे काही आणण्याची ऐपत नव्हती. रंगाऱ्याने जुन्या कामांतले उरलेसुरले डबे काढले. तळाशी राहिलेला पिवळा, जेमतेम वाटीभर केशरी, थोडा पांढरा, सगळे एकत्र घोटले. निघाला तो रंग कुठल्याच दुकानात मिळाला नसता.

"अगदी पिकल्या पपईसारखा!" बायको टाळ्या पिटत म्हणाली. तिने शिवणातल्या चिंध्या जोडून पडदे केले, फळांचे रिकामे खोके भिंतीला ठोकून खेळण्यांची फळी केली. मी तर या भिंतीकडून त्या भिंतीकडे नुसता नाचत होतो.

रविवार उजाडला. घर कसे लखलखत होते! पण रंगाऱ्याला धीर निघेल तर शपथ.

"खुर्च्या फिक्या वाटतात. दारही. तेलरंगातही तोच पपई रंग घोटलाय, एकच हात मारतो."

"अहो, वाळेल का तो?"

"ऊन आलं की वाळतोय बघ."

ऊन आलेच नाही. ताई मात्र आल्या.

"दाराला हात नका लावू! ताई, खुर्ची नको! अहो, त्या बाकापासूनही जरा लांब!" रंगारी ओरडत सुटला.

ताई बिचाऱ्या पिशवी छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभ्या. बायकोने कपाळाला हात लावला, धावत जाऊन मला जिन्याखालून ओढून आणले आणि फडक्याने पुसले.

"बसा ताई. घरात एवढंच कोरडं आहे."

ताई माझ्या पायरीवर बसल्या. माझी बिजागरी थरथरत होती हो!

"घर सुरेख सजवलंय," त्या म्हणाल्या. "पण लेकरू हात लावणारच. रेघोट्या ओढेल, काहीतरी सांडेल. आल्यापासून तुम्ही माझ्यावर ओरडताय. तिच्यावरही असेच ओरडणार का?"

रंगाऱ्याचा चेहरा पडला. मग तो हळूच म्हणाला, "ताई, भिंती खराब झाल्या तर मी करीन काय? परत रंगवीन. दुसरं येतंय काय मला?"

"आणि खुर्च्यांवर तिला आजच नाचू दे," बायको डोळे पुसत म्हणाली, "पण ह्यांच्या हातात पुन्हा ब्रश तेवढा देऊ नका!"

ताई खळखळून हसल्या. उठताना त्यांच्या ओढणीचे टोक दाराला लागले आणि त्यावर पपई रंगाचा भला मोठा डाग उमटला. रंगारी पांढराफटक पडला.

"असू द्या," ताई म्हणाल्या. "हे टोक मी तिला दाखवणार आहे. म्हणेन, बघ, तुझ्या घराचा रंग असा आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असून उडी मारता आली नाही, एवढेच दुःख!

आता मी जिन्याखाली नसतो. माझ्या पायऱ्यांवर आमच्या चिमुरडीच्या बाहुल्या बसतात. तुमच्याही घरात कोपऱ्यात कुणी जुना सोबती असेल. त्याची धूळ पुसा, त्याच्या कुरकुरत्या बिजागरीला तेलाचा थेंब द्या. थांबा हं, ती आलीच धावत वर चढायला. मला पाय घट्ट रोवायला हवेत.