मी केनियाला गेले, बाई राहिल्या

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा पट्टा दोनदा बदलला आहे, उजव्या भिंगाच्या कडेला केसाएवढी चीर आहे. पण मित्रांनो, तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा खंड्या मी अजूनही डोळ्यांसमोर आणून ठेवते.

सोयराबाईंनी मला घेतलं तेव्हा त्या के. आर. पुरम भागातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत. रविवारी त्या मुलांना तळ्यावर न्यायच्या आणि मुलं "मिस, मला! मिस, मला!" करत माझ्यावर तुटून पडायची. फार लाड झाले माझे तेव्हा. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटात गेले. माझ्या भिंगांवर बुरशी धरली.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. भावाची मुलगी सौम्या, तिची आई गेल्यावर, त्यांच्याकडेच वाढली. आता ती शहराच्या दुसऱ्या भागात, एचएसआर लेआउटमध्ये राहून नोकरी करते. गेल्या वर्षी एका दुपारी ती आली आणि म्हणाली, "आत्या, पुढच्या जुलैत आपण केनियाला जाऊ. माझ्या ऑफिसचे चौघं आहेत, शिवाय तू आणि मी."

बाईंनी त्याच दिवशी मला कपाटातून काढलं. सापाला लाथांनी मारणारा, लांब पायांचा सेक्रेटरी पक्षी त्यांनी तीस वर्षं पुस्तकातल्या चित्रावरून शिकवला होता. तो आता खरा बघायचा होता!

तयारी सुरू झाली. तिथल्या चावऱ्या माश्यांना निळा रंग आवडतो असं कुणीसं सांगितलं, म्हणून बाईंनी मातकट रंगाचे सदरे शिवून घेतले. स्वाहिली शब्द वहीत उतरवले. जिराफ म्हणजे 'ट्विगा', हत्ती म्हणजे 'टेंबो'. दूधवाल्या देवाप्पांनाही त्या धन्यवादाऐवजी "असांते" म्हणू लागल्या. ते हसून आपल्या कानडी ढंगात म्हणायचे, "सरी, बरं अक्का, पण दूध अर्धा लिटर की एक?"

राहिली होती केनियाला जाण्यासाठी लागणारी पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस. साठीनंतर तिचा धोका थोडा वाढतो, म्हणून लसकेंद्रातल्या डॉक्टरांनी बाईंच्या तपासण्या करायला सांगितल्या. निकाल विचारायला सौम्या एकटीच गेली. मी तिच्या पिशवीत होते, कारण येताना दुकानातून माझी भिंगं साफ करून आणायची होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी स्पष्ट ऐकलं. "तब्येत उत्तम आहे. मंगळवारी घेऊन या, लस देऊ."

घरी येऊन सौम्या बाईंजवळ बसली. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आत्या, डॉक्टर नको म्हणाले. या वयात धोका आहे गं."

मित्रांनो, मला दूरचं दाखवता येतं, बोलता येत नाही. त्या दिवशी मी तशीच टेबलावर पडून राहिले.

बाईंनी मला उचलून सौम्याच्या गळ्यात घातलं. "ही तरी जाऊ दे. माझ्यासाठी बघ."

मी केनियाला गेले. बाईंच्या जागी सौम्याची मैत्रीण पवित्रा होती. जीप धावत होती, सगळे फोन उंचावून फोटो काढत होते. मी सीटखाली होते. आठ दिवसांत मला कुणी एकदाही डोळ्यांना लावलं नाही. धूळ मात्र पोटात गेली.

परत आल्यावर बाईंनी मला मऊ कापडाने पुसलं. एका सकाळी मला गळ्यात घालून त्या तळ्यावर निघाल्या आणि वाटेत आपले रिपोर्ट आणायला केंद्रात थांबल्या. खिडकीतल्या नर्स शिवलीलांनी कागद काढले. "अम्मा, तुम्ही आलाच नाहीत? डॉक्टरांनी लस द्यायला होकार लिहिलाय. हे बघा."

बाईंनी तो कागद तीनदा वाचला. तळ्यावर काही आम्ही गेलो नाही.

संध्याकाळी सौम्याला बोलावून त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला. सौम्याचा चेहरा पडला.

"आत्या, सगळे आमच्या वयाचे होते. तुझ्यामुळे सारखं थांबावं लागलं असतं. तुला विचारून झाल्यावर ते मला म्हणाले, आत्या नको. आणि मला तुला नाही म्हणता येईना."

"म्हणून डॉक्टरांच्या तोंडून म्हणवलंस."

सौम्या रडू लागली. बाई रडल्या नाहीत. "तू स्वतः नाही म्हणाली असतीस तर मी दोन दिवस रुसले असते, तिसऱ्या दिवशी तुझी बॅग भरून दिली असती. आता तू माझी तब्येत विचारलीस तरी मला वाटेल, ही कशासाठी विचारतेय?"

पुढच्या मंगळवारी बाई एकट्या गेल्या आणि लस टोचून घेतली. शिवलीलांनी प्रवासाची तारीख विचारली. "अजून ठरली नाही," बाई म्हणाल्या, "पण लसीचं कार्ड तर जन्मभर चालतं ना?"

दंडावरची सूज चार दिवसांत उतरली. सौम्याचा फोन मात्र त्या अजून उचलत नाहीत. वाजून वाजून तो थांबतो आणि बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा. भिंगांना बोटं लावू नका, बुरशी धरू देऊ नका. आणि एवढं माझं ऐका. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कधी नाही म्हणायची वेळ आली, तर त्याच्या डोळ्यांत बघून म्हणा. माझ्यावरची बुरशी दुकानदाराने अर्ध्या तासात काढली. बाईंसाठी कुठलं दुकान शोधायचं, ते मला ठाऊक नाही.