वर जाण्यापुरतं पेट्रोल

"थांबवा, दादा! थांबवा म्हटलं ना!"

मी पंपाचा खटका सोडला, तरी काट्यानं पाच-दहा सेंट जास्त खाल्लेच. ओलिंकानं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग लाल डबा उचलून कानाजवळ हलवला.

"एवढ्या पैशात एवढंच?"

"दर मी ठरवत नाही, बाई."

हे वाक्य मी दिवसभर म्हणत असतो. गावच्या दुकानाचा पेट्रोल पंप माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात एकदा नदीतून बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, येतं, टाक्या भरून जातं, आणि त्या दिवशी लागलेला दर पुढचं बार्ज येईपर्यंत हलत नाही. यंदा नदीला पाणी कमी. बार्ज गाळात रुतलं, उशिरा आलं आणि गॅलनचा दर नऊ डॉलरच्या वर नेऊन ठेवून गेलं. बार्जवाला आपल्या वाटेनं गेला. शिव्या खायला मी, झॅकर, आहेच पंपावर.

"घरच्या माणसांना काही सवलत?" ओलिंकानं विचारलं.

"दिली तर उद्या अख्खं गाव माझ्या घरचं निघेल."

ती हसली, पण डबा हलवायची थांबली नाही.

ओलिंका माझ्या धाकट्या भावाची, इव्हॉनची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दोन हिवाळ्यांपूर्वी इव्हॉनच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा त्याला यंत्राला जोडावं लागतं आणि ते यंत्र लांब अँकरेज शहरात. आमच्या गावाहून कुठंही रस्ता जात नाही, विमानाशिवाय इलाज नाही. म्हणून तो तिकडे एका खोलीत राहतो आणि ही इकडे. तो आता परत येणार नाही हे त्याला ठाऊक आहे, हिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. बोलत कोणी नाही. जानेवारीत, जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या आमच्या नाताळाला, त्याच्याकडे जायचं म्हणून तिनं तिकिटाचे पैसे साठवले होते. तेच पैसे मी आत्ता लाल डब्यांत ओतले होते.

काय करणार? गेल्या वर्षी लोकांनी मांसाचे वाटे आणून दिले, त्यावर तिचा हिवाळा निघाला. यंदा पेट्रोलपायी निम्म्या होड्या काठावरच उलट्या पडलेल्या. ज्यांना शिकार मिळाली त्यांचं स्वतःचंच भागत नव्हतं, दुसऱ्याला कुठून देणार! तिच्या फ्रीजरचा तळ दिसत होता. त्यात इव्हॉनचं रोज फोनवर एकच टुमणं: मूसच्या, आमच्याकडच्या त्या थोरल्या हरणाच्या, हाडांचं सूप. डॉक्टरांना चालतं का म्हणून विचारलं तर म्हणे, त्यांना विचारलंच नाही, विचारलं की ते नाही म्हणतात.

"मग, कुठं निघालीस?" मी मुद्दामच विचारलं.

"लाकडं बघायला."

सप्टेंबरात आमच्याकडे सगळे लाकडंच बघायला जातात. जनावराचं नाव घेऊन निघू नये, ते ऐकतं. बढाई मारली तर येतच नाही.

"एकटी?"

"तुम्ही येणार ना?"

"मला लांबचं दिसतं कुठं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेचा नंबर लागेपर्यंत मीच लागेन मातीला."

"कान तर आहेत," ती म्हणाली.

आता यावर काय बोलणार! पंपाची किल्ली दुकानात दिली आणि निघालो.

होडी इव्हॉनची. अ‍ॅल्युमिनियमची, जुन्या इंजिनाची. वजन कमी तर पेट्रोल कमी, म्हणून ओलिंकानं त्यातलं एकेक सामान उतरवून काठावर ठेवलं. दुसरा नांगर, लोखंडी पेटी, इव्हॉनचं गादीचं बाकडं. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हणालो. "मी कानांसकटच येतो, कान सुटे मिळत नाहीत."

इंजिनाला एक लाल दोरी असते. ती चालवणाऱ्यानं मनगटात अडकवायची, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं. तिचा फास इव्हॉनच्या मनगटाच्या मापाचा. ओलिंकाच्या हातातून तो निसटायचा, म्हणून ती दोन वेढे घालायची. त्यानं दोरी आखूड पडायची आणि ही जरा मागं वळली की इंजिन गप्प. पुन्हा चालू करायचं म्हणजे पेट्रोल जातंच.

"अगं, गाठ सोडून आपल्या मापाची मार की!"

"राहू दे. त्यानं मारलेली आहे."

तिनं पुन्हा दोन वेढे घातले.

पहिले दोन दिवस काहीच नाही. संध्याकाळी इव्हॉनचा फोन यायचा तो 'कशी आहेस' विचारायला नव्हे. "पेट्रोल किती उरलंय?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग सूचना. टाकीचे तीन भाग कर. एक भाग प्रवाहाविरुद्ध वर जायला, एक वाऱ्याला, एक देवाला. तांबड्या कड्याच्या पुढं जाऊ नकोस. खाली येताना इंजिन बंद, प्रवाहावर तरंगत ये. ती सगळ्याला "हो" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बाहेर जाऊन डबे हलवून यायची. मी खिडकीतून बघायचो. डबे हलवून पेट्रोल वाढतं का? पण तिलाही ते कळत होतंच.

तिसऱ्या दिवशी निघताना आमच्याकडे उरलेलं सगळं पेट्रोल होडीत होतं. म्हणजे हीच शेवटची फेरी. मोठ्या इंजिनाच्या दोन होड्या आम्हाला मागं टाकून वर गेल्या, त्यातल्या एकीतून गावातल्या वॅसिलीनं हात केला. ओलिंकानं हात केला नाही, तिचं सारं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे. तांबडा कडा आला. मी म्हणालो, "चला, झाला एक भाग. बंद कर आता."

"अजून एक वळण."

"ओलिंका, वारा खालून आहे. भरलेली होडी वाऱ्यात तरंगत नाही, ढकलावी लागते."

"भरली तर ना! रिकामी घेऊन जायला वल्हं पुरतं."

एका वळणाची तीन वळणं झाली. इथं होडी अडकली तर शोधायला येणाऱ्यानं तरी पेट्रोल कुठून आणायचं? मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनंच इंजिन बंद केलं. होडीनं तोंड फिरवलं आणि आम्ही प्रवाहाबरोबर खाली येऊ लागलो. एकदम शांत झालं.

पहिल्या वळणावर काही नाही. दुसऱ्याच्या अलीकडे मला आवाज आला. झुडपांवर कुणीतरी फळी घासावी तसा. शिंगं. मी बोट केलं, नुसतं आवाजाच्या दिशेला, मला तर तिथं हिरवा-पिवळा धूर दिसत होता. इंजिन चालू असतं तर मला ऐकू आलं नसतं आणि मूस तिथं थांबलाही नसता.

बंदूक वाजली. एकदाच.

"दादा," ती म्हणाली, "पडला. काठावर पडला." आणि होडीतच मटकन खाली बसून रडायला लागली.

काठाला लागल्यावर ती आधी त्या जनावराजवळ बसली, त्याच्या मानेवर हात ठेवून "आलास, बरं केलंस," म्हणाली. मोठा नर होता. एवढी वर्षं इव्हॉन मारायचा आणि ही कापायची, त्यामुळे पुढच्या कामात तिचा हात धरणारा गावात कोणी नाही. मी नुसता तंगड्या धरत होतो. हाडं बाजूला काढताना ती स्वतःशीच पुटपुटली, "ही सुपाची." मग तिचा सुरा थांबला.

माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. आमच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं जे असेल ते सगळं वाटून टाकायचं, घरात तुकडा ठेवायचा नाही, स्वतः चाखायचंही नाही. पोरांचा पहिला पक्षी, पहिला मासा, सगळ्याला हाच नियम. सहा वर्षांची असताना हिनं पहिल्यांदा वाटीभर बेरी वेचल्या, तेव्हा हिच्या आईनं त्या गावातल्या आगाफिया म्हातारीला द्यायला लावल्या. आगाफियानं हिच्यासमोर एकेक करून सगळ्या खाल्ल्या आणि ही भोकाड पसरून रडली, ते गाव अजून सांगतं. आणि हा हिचा पहिला मूस होता.

परत येताना भारानं होडीची कड पाण्याला टेकली होती. वारा तोंडावर. इंजिन लावावंच लागलं, आणि ते तिचं तिकीट घोटाघोटानं प्यायला लागलं. मी बराच वेळ विचार केला आणि म्हणालो, "हे बघ, मी मारला म्हणून सांगू."

तिनं इंजिन थोडं कमी केलं.

"माझे पन्नास झाले असतील. एक्कावन्नावा. आगाफियाला तंगडी देऊ, शेजाऱ्यांना देऊ, बाकीचं तुझं. हिवाळा निघेल. इव्हॉनला सूप जाईल."

"तुम्हाला दिसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे."

"आहे ना. पण म्हाताऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही."

तिला हसू आलं आणि लगेच गेलं. होडीच्या नाकाशी त्या नराचं डोकं ठेवलं होतं, तिकडे तिनं मान केली. "गावाला सांगाल हो, दादा. याला काय सांगाल? तो माझ्याकडे बघत होता."

"अगं बाई, तो मेलाय! तुला जगायचंय!" मी ओरडलोच. राग आला होता मला. तिच्यावर नव्हे, बार्जवर, पंपावर, त्या यंत्रावर, कोणावर ते मलाही सांगता येणार नाही.

गाव दिसलं तेव्हा इंजिन खोकत होतं. शेवटचं थोडं अंतर तिनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं वल्हं मारलं. काठावर माणसं जमली होती. आमच्या आधीच परतलेला वॅसिली गुडघाभर पाण्यात आला, होडी धरली, आत डोकावला.

"अरे वा! कोणी मारला?"

मी छाती काढून "मी..." म्हणालो, आणि तिथंच तिनं माझं बोलणं तोडलं.

"मी मारला. पहिला आहे."

ती कशावर जगते ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग आगाफिया काठी टेकत पुढं आली. सोबत पातेलं आणलेलंच होतं.

"पहिला का? मग बेरींच्या वेळेसारखी रडणार नाहीस ना?"

"नाही, आजी."

"रड की! मी तरी खाणारच आहे."

अंधार पडायच्या आत होडी रिकामी झाली. आधी म्हातारे, मग विधवा, मग ज्यांच्या होड्या यंदा निघाल्याच नाहीत ते. एक बाई घ्यायला कचरत होती, तर ओलिंकानं तिच्या हातात जबरदस्तीनं बरगड्या दिल्या. मला म्हातारा म्हणून मागची तंगडी मिळाली, हाडासकट. शेवटी ओलिंकानं होडी धुतली आणि पाणी नदीत टाकलं.

आगाफिया जाता जाता थांबली. "झॅकऱ्या, माझ्या दाराशी लाल डबा आहे बघ, भरलेला. बर्फावर फिरायच्या स्नोमशीनसाठी ठेवला होता. या वयात मला कुठं मिरवायचंय! नेऊन दे तिला."

"फुकट?"

"फुकट म्हणे! पंपावर बसून तुझी बुद्धी पंपाचीच झालीय. पुढच्या मूसचं नाक माझं, सांग तिला. दुसरा काही सगळा वाटायचा नसतो."

शिकारीचा मोसम संपायला चार दिवस होते.

डबा घेऊन मी ओलिंकाच्या घरी गेलो. ती टेबलाशी बसली होती. पुढ्यात चहा आणि बिस्किटं, बाकी काही नाही. माझ्या चुलीवर मांस शिजत होतं, पण ते तिला चालणार नव्हतं. डबा बघून तिनं डोळे पुसले, हलवून मात्र पाहिला नाही. तेवढ्यात फोन वाजला. तिनं आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"इव्हॉन, मिळाला," ती म्हणाली. "मीच मारला. सगळा वाटला."

"सगळा?"

"हाडंसुद्धा."

पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मला राहवेना.

"अरे, माझ्या वाट्याला तंगडी आलीय. हाड तुला उद्याच्या विमानानं धाडतो."

"धाड," तो म्हणाला. मग तिला म्हणाला, "किती लांबून मारलास?"

तिनं सांगितलं. तांबडा कडा ओलांडला तेही सांगितलं. मला वाटलं, आता बोलणार तिला. तो बोलला नाही. पेट्रोल किती उरलंय, तेही त्यानं विचारलं नाही. इतकी वर्षं नदीवर कुठं जायचं ते तो सांगायचा आणि आम्ही जायचो.

"उद्या कुठं जाशील?" त्यानं विचारलं.

ओलिंकानं खिळ्यावरची इंजिनाची लाल दोरी काढून मांडीवर घेतली होती. गाठ जुनी, पाण्यानं घट्ट बसलेली. नखांनी सुटेना म्हणून तिनं ती दातात धरली.

"बघते," ती म्हणाली. "वारा बघून ठरवते."

हे वाक्य इव्हॉनचं. आम्ही विचारलं की तो हेच म्हणायचा. पलीकडे तो हसल्यासारखं वाटलं, पण नीट कळलं नाही.

"तोंडात काय आहे तुझ्या? काय करतेयस?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि गाठ सुटली.